रिपोर्टच्या दिवशी वंशावळ! (रोजची वाचनं, भरवसा वगैरे)

केळफूल | 18 डिसेंबर, रात्री 11:20

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही वसईचे, कॅथलिक. संध्याकाळी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) झाली की दुसऱ्या दिवशीच्या मिस्सेचं (चर्चमधल्या उपासनेचं) शुभवर्तमान मोठ्याने वाचायचं ही आमच्या पप्पांची पद्धत, मी दुसरी-तिसरीत होते तेव्हापासूनची. लग्न होऊन विरारला आले तरी सवय सुटली नाही. फक्त पुस्तकाच्या जागी मोबाईल आला, चर्चच्या ग्रुपवर पहाटे साडेपाचला वाचनं येतात ती मी लोकलमध्ये उभ्याउभ्या वाचते, दादरपर्यंत होऊन जातं.

काल 17 तारखेला पप्पांच्या घशातल्या गाठीचा बायोप्सी रिपोर्ट मिळणार होता. मुंबईतलं मोठं हॉस्पिटल, प्लास्टिकच्या खुर्च्या, आमचा नंबर 84 आणि बोर्डावर 31 चालू. पप्पा शेजारी डुलक्या घेत होते. मी मोबाईल काढला आणि मनात म्हटलं, देवा, रोज काहीही दे, आज मात्र काहीतरी धड दे. "भिऊ नको" टाईपचं. यशया चालेल, स्तोत्र 23 तर पळेल. उघडलं तर काय, अब्राहामाला इसहाक झाला, इसहाकाला याकोब झाला, याकोबाला यहूदा आणि त्याचे भाऊ झाले. अख्खी वंशावळ! खाली सरकवतेय सरकवतेय, संपेचना. आमचा नंबर आला तेव्हा मी जरुब्बाबेलपर्यंत पोचले होते.

रिपोर्ट जो नको होता तोच आला.

आता प्रश्न. "देवावर भरवसा ठेव" हे कालपासून 14 जणांनी सांगून झालंय (मोजलेत), त्यामुळे ते नको. मला एवढंच विचारायचंय की अशा दिवशी असं कोरडं वाचन आलं तर तुम्ही काय करता? आणि "आजचं वाचन जणू माझ्यासाठीच होतं" असं लोक म्हणतात तसं तुम्हाला खरंच होतं का, की मलाच कधी होत नाही?

दर्यासारंग | 18 डिसेंबर, रात्री 11:41

ताई, वाईट वाटलं वाचून. पप्पांना आराम पडो. बाकी उद्या सविस्तर लिहितो, आता पहाटे उठायचंय.

पोथीबाज | 19 डिसेंबर, सकाळी 7:05

केळफूल, 14 जणांनी सांगितलं म्हणता, आणि मत्तयानेही वंशावळ 14-14-14 अशीच मोजलीय. (हलके घ्या. आणि तिसऱ्या गटात मोजून बघा, 13च नावं भरतात, त्यावर विद्वानांची शतकानुशतकं डोकेफोड चाललीय.)

माहितीसाठी सांगतो. ही वाचनं कुठल्या फादरने त्या सकाळी निवडलेली नसतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर 1969 मध्ये नवीन वाचनसंग्रह आला, त्यात रविवारचं चक्र तीन वर्षांचं, अ वर्षी मत्तय, ब वर्षी मार्क, क वर्षी लूक. आठवड्याच्या दिवसांचं पहिलं वाचन दोन वर्षांत फिरतं, सम आणि विषम, आणि शुभवर्तमान दरवर्षी तेच. 17 डिसेंबरला नाताळच्या आधीचे खास दिवस सुरू होतात आणि त्यांची सुरुवातच वंशावळीने होते, दरवर्षी. म्हणजे तुमच्या पप्पांच्या रिपोर्टची तारीख ठरायच्या पन्नासेक वर्षं आधी हे ठरलेलं होतं. त्या दिवशी मनिलात, क्राकोवात, नंदाखालला, सगळीकडे लोकांनी जरुब्बाबेलच ऐकला.

हे वाचून तुम्हाला बरं वाटेल की अजून राग येईल, सांगता येत नाही.

केळफूल | 19 डिसेंबर, सकाळी 7:32

दोन्ही वाटलं :) पण ते क्राकोवचं आवडलं.

परमार्थ_नको | 19 डिसेंबर, सकाळी 9:15

आधी धागाकर्तीच्या वडिलांना शुभेच्छा, मनापासून. उपचार वेळेवर सुरू करा, सेकंड ओपिनियन घ्या.

आता मूळ प्रश्न. साधं गणित आहे. रोज दोन-तीन उतारे, वर्षाचे 365 दिवस, त्यात आजारी माणसं, वादळं, विधवा, मुलं, पीकपाणी सगळं आहे. आपल्या आयुष्यातही तेच आहे. काहीतरी जुळणारच. जुळलं ते लक्षात राहतं, न जुळलेले 340 दिवस विसरतो. राशिभविष्य याच तत्त्वावर चालतं. तुम्हाला "कधीच होत नाही" याचा अर्थ तुम्ही प्रामाणिक आहात इतकाच.

आजीची_पोथी | 19 डिसेंबर, सकाळी 10:02

मी हिंदू, देशस्थ, चालेल ना इथे लिहिलं तर?

माझी आजी रोज दासबोधाचा एक समास वाचायची. 200 समास, संपले की पुन्हा पहिल्यापासून. तो दिवस कसाही असो, क्रमाने येईल तोच. काकाच्या लग्नाची बोलणी करायला मुलीकडचे आले, आजीचं वाचन चालू, आणि तिचा नियम असा की पाहुणे आले तरी समास अर्धा सोडायचा नाही. नेमका त्या दिवशी दुसऱ्या दशकातला पहिला समास होता. ज्यांना माहीत आहे त्यांना कळलं असेलच, मूर्खलक्षणे! आजी खणखणीत आवाजात एकेक लक्षण वाचतेय आणि नवरामुलगा समोर बसलाय. लग्न झालं हो. काकू अजून त्यातली दोन-तीन लक्षणं पाठ म्हणून दाखवते.

नीलफुलराणी | 19 डिसेंबर, सकाळी 10:10

आजीची_पोथी, फुटले!!! ऑफिसात लोक बघायला लागले माझ्याकडे.

मिठागर | 19 डिसेंबर, दुपारी 12:48

आम्ही लहानपणी बायबल डोळे मिटून उघडायचो आणि बोट ठेवायचो, येईल तो देवाचा निरोप. दहावीच्या गणिताच्या पेपरच्या सकाळी माझं बोट विलापगीतावर पडलं होतं. निकाल विचारू नका.

तिसरी_घंटा | 19 डिसेंबर, दुपारी 1:20

त्यावरचा जुना विनोद. एकाने असंच उघडलं तर आलं, यहूदाने जाऊन गळफास घेतला. घाबरून दुसरं पान उघडलं तर, जा आणि तूही तसंच कर. घाम फुटला, तिसरं पान, तर, जे करणार आहेस ते लवकर कर.

मिठागर | 19 डिसेंबर, दुपारी 1:24

हा आमच्या फादरनी उपदेशात तीन वेळा सांगितलाय, तिन्ही वेळा स्वतःच आधी हसले.

पोथीबाज | 19 डिसेंबर, दुपारी 2:15

बोट ठेवण्याला हसू नका, सेंट ऑगस्टीनचं काम तसंच झालं. मिलानमध्ये 386 साली बागेत रडत बसलेला असताना कुठल्यातरी मुलाचा आवाज आला, घे आणि वाच, घे आणि वाच. त्याने पौलाचं पुस्तक उघडलं, नजर पडली ती रोमकरांस पत्राच्या 13व्या अध्यायावर, आणि माणूस बदलला.

पण मला त्याच्याही आधीचा मिसरचा सेंट अँथनी जास्त आवडतो कारण त्याने काही उघडलं नाही, तो नुसता चर्चमध्ये शिरला आणि तिथे वाचन चालू होतं, तुझं असेल ते विकून गोरगरिबांना दे. झालं, जमीन दिली वाटून. बहिणीसाठी थोडं ठेवलं होतं. पुन्हा एकदा चर्चमध्ये गेला तर वाचन, उद्याची चिंता करू नका. मग तेही देऊन टाकलं, बहिणीला कुमारिकांच्या आश्रमात ठेवलं आणि स्वतः वाळवंटात निघून गेला.

नीलफुलराणी | 19 डिसेंबर, दुपारी 2:31

बहिणीला कोणी विचारलं होतं का पण?

तिसरी_घंटा | 19 डिसेंबर, दुपारी 2:33

+1. भरवसा भावाचा, हिस्सा बहिणीचा. आमच्याकडेही असंच झालंय, फक्त सातबारावर.

दर्यासारंग | 19 डिसेंबर, रात्री 9:50

काल रात्री म्हटल्याप्रमाणे. आम्ही कोळी, बोट आहे घरची. येशू होडीत झोपलाय आणि वादळ येतं ते वाचन आमच्याकडे लहान पोराला पण पाठ. मत्तयातलं ते वाचन साधारण जून-जुलैच्या सांध्यावर येतं, तेव्हा 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढून ताडपत्री टाकलेल्या. म्हणजे जेव्हा ऐकतो तेव्हा आम्ही सुके असतो. पूर्वी मला त्याचं हसू यायचं.

मे 2021 ला तौक्ते आलं. बोटी परत बोलावल्या होत्या, आमची खाडीत नांगरलेली. बाबांनी दुपारपासून दोर लावायला घेतले, नेहमी दोन लावतो तिथं पाच. आई घरात रोझरी धरून. मी चिडलो, म्हटलं प्रार्थनेवर एवढा विश्वास आहे तर पाच दोर कशाला. बाबांनी वर बघितलं पण नाही, म्हणाले गाठ बघ ती, सैल आहे. रात्रभर वारा असा की पत्रे उडत होते. सकाळी बोट होती जागेवर, शेजाऱ्यांची गेली. त्यांच्या घरात पण रोझरी चालूच होती, आमच्यापेक्षा जास्त देवभक्त माणसं ती. तेव्हापासून मी "आमची प्रार्थना ऐकली" असं कुणापुढे म्हणत नाही. बाबा पण म्हणत नाहीत. पण रोझरी चुकवत नाहीत आणि दोर पण पाचच लावतात.

ताई तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही हे, आठवलं ते लिहिलं.

परमार्थ_नको | 19 डिसेंबर, रात्री 10:12

दर्यासारंग, शेजाऱ्यांबद्दलचं लिहिलंत त्याबद्दल दंडवत. बहुतेक साक्षींमध्ये शेजाऱ्यांची बोट गायब असते.

संध्याछाया | 20 डिसेंबर, सकाळी 6:40

लिहू की नको असं रात्रभर चाललं होतं.

माझा मुलगा गेला त्याला या जूनमध्ये नऊ वर्षं होतील. सहा वर्षांचा होता. घरात माणसं यायची आणि म्हणायची देवाची इच्छा, देवाला चांगली फुलंच आवडतात. चांगली माणसं होती सगळी, स्वयंपाक करून आणायची, भांडीपण घासायची. पण ते फुलांचं वाक्य ऐकलं की मला त्यांच्या हातचं जेवण जायचं नाही. वर्षभर मी चर्चमध्ये पाऊल टाकलं नाही. नवरा एकटा जायचा.

पुढच्या वर्षी, म्हणजे समवर्ष असणार, मी आईला सोबत म्हणून एका मंगळवारी सकाळी गेले, ती गुडघ्यांमुळे एकटी जाऊ शकत नव्हती. पहिलं वाचन ईयोबाचं, ज्यात तो आपल्या जन्माच्या दिवसाला शाप देतो. मी दचकून इकडेतिकडे बघितलं, की हे असं चर्चमध्ये मोठ्याने म्हणायची परवानगी आहे? वाचणाऱ्या बाईंनी शांतपणे वाचून संपवलं, म्हणाल्या, हा प्रभूचा शब्द. आणि सगळे म्हणाले, देवाला धन्यवाद. कशाबद्दल धन्यवाद! मग प्रतिसाद स्तोत्र 88. मिस्सेत त्याचा थोडाच भाग घेतात. मी घरी येऊन पूर्ण वाचलं. बहुतेक विलाप-स्तोत्रं शेवटी कुठेतरी उजेडाकडे वळतात, हे वळत नाही. शेवटपर्यंत अंधारच आहे, देवाला विचारतंय की तू तोंड का लपवतोस आणि तिथेच थांबतं. उत्तर नाही.

ते वाचन माझ्यासाठीच होतं का? मला नाही वाटत. पण मला जे बोलायला कुणी देत नव्हतं ते त्या पुस्तकात आधीच लिहिलेलं होतं, आणि शाप देणाऱ्याला कुणी पुस्तकातून काढून टाकलं नव्हतं. मी परत जायला लागले. अजूनही ते फुलांचं वाक्य कुणी म्हटलं तर उठून जाते.

केळफूल, वंशावळीचा राग आला तर येऊ दे.

नीलफुलराणी | 20 डिसेंबर, सकाळी 7:20

संध्याछाया, काय लिहू. फक्त वाचलं हे सांगायला आले.

केळफूल | 20 डिसेंबर, सकाळी 8:05

ताई, लोकलमध्ये वाचलं. बोरिवलीला उतरायचं होतं, राहून गेलं. थॅंक्यू.

नगरी_मिसळ | 20 डिसेंबर, सकाळी 11:30

आम्ही अहिल्यानगरचे प्रोटेस्टंट. आमच्याकडे वर्षभरात उत्पत्ती ते प्रकटीकरण अख्खं बायबल वाचायचा तक्ता असतो, फ्रीजवर लावतात. जानेवारीत सगळे जोरात, फेब्रुवारीत लेवीय येतं आणि कुठल्या प्राण्याच्या चरबीचं काय करायचं यात अर्धी मंडळी गारद. माझा तक्ता 2019 पासून लेवीयातच आहे.

एक शंका. माझी कॅथलिक मैत्रीण मला स्टेटस पाठवते, त्यात मागे बेन सिराचं वचन होतं. आमच्या बायबलमध्ये हे पुस्तकच नाही, मी अर्धा तास शोधलं!

पोथीबाज | 20 डिसेंबर, सकाळी 11:52

नाहीच मिळणार. कॅथलिक बायबलात 73 पुस्तकं, तुमच्याकडे 66. बेन सिरा, तोबीत, यहुदीत, मक्काबी वगैरे सात जास्तीची. हे फार मोठं प्रकरण आहे, यावर वेगळा धागा काढा, नाहीतर इथे काश्मीर होईल.

तिसरी_घंटा | 20 डिसेंबर, सकाळी 11:55

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, तुम्ही पाणी ओतलंत.

मुबारकिया | 20 डिसेंबर, दुपारी 3:10

अवांतर: आम्ही कुवेतला. इथे सुट्टी शुक्रवारची म्हणून रविवारची मिस्सा शुक्रवारीच होते, रविवारचीच वाचनं. मग मी रात्री आईला फोनवर सांगतो की परवा तुला काय ऐकायला मिळणार आहे. आई म्हणते, आधी सांगू नको, मजा जाते. 74 वर्षं तेच ऐकतेय, उधळा पुत्र परत येतो की नाही याची तिला अजून उत्सुकता आहे.

ओवीवेडा | 20 डिसेंबर, संध्याकाळी 5:45

धागा 20च्या वर गेला आणि अजून फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण कसं आलं नाही म्हणून मीच आणतो. इंग्रज माणूस, 1579 मध्ये गोव्यात आला, आणि 1616 मध्ये मराठी ओव्यांमध्ये येशूची कथा छापून मोकळा. लोकांना पोथी ऐकायची सवय होती, त्यांना पोथीच दिली. आजीची_पोथी यांची आजी आणि त्या काळची सासष्टीतली ख्रिस्ती आजी एकाच पद्धतीने भिंतीला टेकून ऐकत असणार.

पोथीबाज | 20 डिसेंबर, संध्याकाळी 6:20

सुरेख. पण आता मूळ मुद्द्यावर येऊ. वंशावळीबद्दल मला एक गोष्ट फार वर्षं छळते, ती सांगतो.

लोक त्यातल्या बायकांवर बोलतात, तामार, राहाब, रूथ, उरियाची बायको, ते बरोबरच आहे, उपदेशाला चांगला विषय. राजांवरही बोलतात. पण जरुब्बाबेलच्या पुढे बघा. अबीहूद, एल्याकीम, अज्जूर, सादोक, याखीम, एलीहूद, एलाजार, मत्तान, याकोब. नऊ माणसं. यांच्याबद्दल बायबलात दुसरीकडे कुठेही एक अक्षर नाही. काय करत होते माहीत नाही. गुलामगिरीतून लोक परत आलेले, राजा नाही, परक्यांचं राज्य, आणि हे जन्मले, जेवले, मुलं झाली, मेले. कुणाला स्वप्न पडलं नाही, कुणाकडे देवदूत आला नाही. अज्जूरला कुणी सांगितलं असेल का की तुझं नाव पुढे जगभर वाचलं जाणार आहे? आम्ही चर्चमध्ये ती नावं पटापट उरकतो कारण फादरला पण उच्चार येत नाहीत.

केळफूल, तुम्ही जरुब्बाबेलपाशी उठलात. नेमके हे नऊ राहिले.

परमार्थ_नको | 20 डिसेंबर, संध्याकाळी 6:44

लिहिलंय छान. पण हेही जुळवणंच आहे हो. उद्या त्या नेहेम्यातली यादी दिलीत तरी तुम्ही त्यातून काहीतरी काढाल.

पोथीबाज | 20 डिसेंबर, संध्याकाळी 6:50

काढीन. सवय आहे :)

मिठागर | 20 डिसेंबर, रात्री 8:15

केळफूल, एक प्रॅक्टिकल. वंशावळ वर्षातून एकदा नाही, 8 सप्टेंबरला मारियामातेच्या जन्माच्या सणालाही येते. बांद्र्याच्या जत्रेच्या आधी. तेव्हा पुन्हा संधी आहे, नऊ पूर्ण करा.

नीलफुलराणी | 22 डिसेंबर, सकाळी 9:40

मी लहानपणापासून फक्त मत्तय सहावर अडकलेय, रानातली फुलं, पाखरं, पेरत नाहीत कापत नाहीत. बॉसने मेमो दिला की मी तेच उघडते. घरी सगळे म्हणतात हिचा फारच विश्वास. खरं सांगू का, मला ते पटतच नाही. पाखरं पण मरतात की भुकेने. पण शेवटी येतं ना, ज्या दिवसाचं दुःख त्या दिवसाला पुरे, ते एक वाक्य मला झेपतं. बाकीचं पाखरांनी बघून घ्यावं.

परमार्थ_नको | 22 डिसेंबर, सकाळी 10:05

त्या एका वाक्याशी मीही सहमत. तारीख लिहून ठेवा.

संध्याछाया | 23 डिसेंबर, सकाळी 6:30

केळफूल, कशा आहात? उपचारांचं काय ठरलं?

केळफूल | 24 डिसेंबर, रात्री 12:50

नाताळच्या तयारीत आहोत म्हणायचं. गोठा भावाने केलाय, पप्पा खुर्चीत बसून सूचना देतात, गाढव डावीकडे घे.

ऑपरेशन नाही, रेडिएशन 35 सिटिंग, 29 पासून, सोमवार ते शुक्रवार. आज तोंडाचा साचा घेतला, जाळीचं प्लास्टिक गरम करून चेहऱ्यावर बसवतात आणि ते गार होईपर्यंत हलायचं नाही, मग दर वेळी तोच मुखवटा घालून टेबलाला पक्का करतात. पप्पा बाहेर आले तेव्हा गालावर जाळी उमटली होती. म्हणाले, माशासारखं वाटलं.

पोथीबाज, तुमची नऊ नावं त्यांना वाचून दाखवली. म्हणाले, तुझे आजोबा पण तसेच होते, त्यांच्याबद्दल कोण लिहिणार, विहीर खणली तेवढी आहे. मग स्वतः म्हणायला लागले, अबीहूद, एल्याकीम, अज्जूर... पाठ आहेत हो त्यांना! इतकी वर्षं मोठ्याने वाचून. लहानपणी आम्ही भावंडं उशीत तोंड खुपसून हसायचो, यहोशाफाट म्हटलं की विशेष.

आणि हो, 19 तारखेच्या वाचनात जखऱ्या (बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप) मुका होतो आणि 23च्या वाचनात पाटीवर लिहितो हे लक्षात आलं. डॉक्टर म्हणालेत तिसऱ्या आठवड्यापासून पप्पांना बोलायला त्रास होईल. परमार्थ_नको, मी काही जुळवत नाहीये, नुसतं सांगतेय!

परमार्थ_नको | 24 डिसेंबर, सकाळी 8:00

:) जुळवा हो. आज सूट आहे. नाताळच्या शुभेच्छा तुम्हा सगळ्यांना.

दर्यासारंग | 30 डिसेंबर, रात्री 10:20

ताई रोज कसं नेताय? लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सर पेशंटला बसता येतं, सर्टिफिकेट सोबत ठेवा. बाबांना विचारून सांगतो, आमच्या आळीतला एकजण रोज अंधेरीला जातो, त्याची गाडी आहे.

केळफूल | 14 जानेवारी, रात्री 11:15

दर्यासारंग दादा, तुमच्या त्या ओळखीच्यांनी सहा दिवस नेलं आणि पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत. सांगा त्यांना.

12 सिटिंग झाल्या. पप्पांचा आवाज परवापासून गेलाय, कुजबुज पण दुखते. काल तिथे बसून मी वाचनं त्यांच्या कानाशी वाचत होते. नवीन वर्ष म्हणजे समवर्ष, शमुवेलाचं पहिलं पुस्तक सुरू झालंय. हन्ना मंदिरात प्रार्थना करते, ओठ हलतात पण आवाज येत नाही, आणि एली याजकाला वाटतं बाई पिऊन आलीय. मी वाचता वाचता थांबले. पप्पांचे ओठ हलत होते. मला वाटलं काहीतरी हवंय, पाणी की काय, वाकून विचारलं. तर ते रोझरी म्हणत होते.

मूळ प्रश्नाचं विचाराल तर "माझ्यासाठीच होतं" असं मला अजूनही वाटलं नाही. वाटलं एवढंच की मी पण एलीच.

संध्याछाया | 15 जानेवारी, सकाळी 6:25

वाचलं.

नगरी_मिसळ | 2 फेब्रुवारी, दुपारी 1:00

धागा वर काढतोय. कळवा, तब्येत कशी. (लेवीय पुन्हा जवळ आलंय.)

केळफूल | 17 फेब्रुवारी, रात्री 10:40

आज 35वी झाली. 1 आणि 26 जानेवारीला बंद होतं म्हणून आजपर्यंत लांबली, उद्या राखेचा बुधवार (आमच्या उपवासकाळाचा पहिला दिवस). स्कॅन तीन महिन्यांनी, तोपर्यंत काही कळणार नाही. वजन 11 किलो उतरलंय.

आजचं सांगते आणि पळते. शेवटचा दिवस म्हणून मी आणि भाऊ दोघेही गेलो. पेजेचा डबा घ्यायचा होता, मला वाटलं त्याने घेतला, त्याला वाटलं मी घेतला. दादरला लक्षात आलं. तिथून हॉस्पिटलपर्यंत आमचं भांडण, तू कधीच आणि मीच नेहमी, सगळं जुनं निघालं, मम्मीच्या बांगड्यांपर्यंत. पप्पा मधे बसलेले, बोलता येत नाही, नुसते खिडकीबाहेर बघतायत. वेटिंगमध्ये तोंड फिरवून बसलो, मी रागारागाने मोबाईल उघडला. मार्क, आठवा अध्याय. शिष्य होडीत बसलेत आणि भाकरी घ्यायला विसरलेत, आणि येशू दुसरंच काहीतरी समजावतोय आणि यांचं आपसात चाललंय की भाकरी नाहीत, भाकरी नाहीत. मी हसायलाच लागले. भावाला दाखवलं, तो पण. सिक्युरिटीवाला बघायला लागला.

पप्पांनी खूण करून मोबाईल मागितला. चष्मा लावून सावकाश वाचलं, मग त्यांची वही काढली, बोलायची असते ती, आणि लिहिलं:

"एक भाकर होती त्यांच्याकडे. नीट वाचा."

आणि खाली:

"तुझ्या पर्समध्ये ग्लुकोज बिस्किटाचा पुडा आहे. कॅन्टीनमधून दूध आण."

भाऊ दूध आणायला गेला. पप्पांनी अडीच बिस्किटं खाल्ली, भिजवून, चाळीस मिनिटं लागली.

दर्यासारंग | 17 फेब्रुवारी, रात्री 10:58

अडीच!

परमार्थ_नको | 17 फेब्रुवारी, रात्री 11:02

पुडा कुणी ठेवला होता पर्समध्ये?

केळफूल | 17 फेब्रुवारी, रात्री 11:04

मीच असणार. कधी ते आठवत नाही. झोपते आता, उद्या सहाची मिस्सा आहे, त्यांना यायचंय.